नव्या पीसीवर विंडोज टाकताना मध्येच क्रॅश? पेनड्राइव्हला दोष देण्याआधी हे बघा

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर उघडी कॅबिनेट, बाजूला मॉनिटर.)

नमस्कार मंडळी. पार्ट सगळे नवे, जोडणी झाली, बायोस, म्हणजे बोर्डवरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, तेही उघडतंय. पण विंडोज ११ टाकायला घेतलं की मध्येच निळा स्क्रीन, नाहीतर न सांगता रिस्टार्ट. मग माणूस काय करतो? दुसरा पेनड्राइव्ह बनवतो, मग तिसरा. जरा थांबा.

आधी एवढंच बघा: बंद पडतं ते दरवेळी एकाच टक्क्यावर, की कधी १२ वर आणि कधी ६८ वर? जागा ठरलेली असेल तर संशय पेनड्राइव्हवर, डाउनलोड केलेल्या विंडोजच्या फाइलवर (आयएसओ) किंवा एसएसडीवर घ्या. जागा बदलत असेल तर पहिला संशय रॅमवर, मग तापमान आणि वीज. हा काही अटळ नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून कळतं.

असं का होतं? विंडोजचा सेटअप काही जीबीची कॉम्प्रेस केलेली फाइल रॅममध्ये उलगडतो, पडताळतो आणि एसएसडीवर लिहितो. नव्या मशीनला लागणारा हा पहिला खरा भार. रॅममध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी पडताळणी फसते आणि सेटअप सांगतो, फाइल खराब आहे. शेवटी ०५७० असलेला एरर कोड आला की लोक पेनड्राइव्हच्या मागे लागतात, ते त्यामुळेच. फाइल चांगली असते, वाट खराब असते.

म्हणून पहिलं काम: बायोसमध्ये जाऊन लोड डिफॉल्ट्स करा, म्हणजे सगळी सेटिंग्ज मूळ जागी येतील. एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमला बॉक्सवरच्या वेगाने पळवणारा पर्याय, चालू असेल तर तो बंद होईल. ६००० लिहिलेली डीडीआर ५ रॅम मग साधारण ४८०० वर चालेल. चालू द्या, विंडोज बसायला तेवढा वेग भरपूर आहे. बॉक्सवरचा आकडा म्हणजे ओव्हरक्लॉक आहे, अधिकृत वेगाच्या वर पळवणं. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे, चार स्टिक लावल्या तर ३६००. चारही स्लॉट भरून ६००० ची अपेक्षा ठेवणं म्हणजे स्वतःहून डोकेदुखी घेणं.

आणखी एक गोष्ट. एएम ५ बोर्डवर, म्हणजे रायझन ७००० ज्यात बसतो त्या बोर्डवर, रॅम बदलल्यावर पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळाच राहू शकतो. ते मेमरी ट्रेनिंग असतं, बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून स्विच बंद करू नका.

(क्लोज-अप: रॅमचे स्लॉट.)

तरी क्रॅश होतोय? मग एकच स्टिक ठेवा. प्रोसेसरकडून मोजत दुसरा स्लॉट, बोर्डवर ए२ लिहिलेलं असतं. बऱ्याच बोर्डांना क्लिप एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं लक्षात येत नाही. इथे बघा, दोन्ही टोकं सारखी खाली गेली पाहिजेत. आता एकेक स्टिक लावून मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा, त्याच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एक एरर आली तरी स्टिक नापास, 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका. दोन्ही स्टिक एकट्या पास होतात आणि जोडीने फसतात, तर कूलर काढून बघा. एका बाजूने जास्त आवळलेला कूलर प्रोसेसरचा सॉकेटशी संपर्क बिघडवतो आणि एक मेमरी चॅनल गडबडतो. स्क्रू कोपऱ्याला कोपरा अशा तिरक्या क्रमाने, अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. कूलर काढलाच आहे तर खालची प्लास्टिकची पट्टी सोललीय ना, तेही बघून घ्या! बायोसमध्ये बसल्या-बसल्या तापमान ८० च्या वर चढत असेल तर बहुधा तीच राहिलेली असते, नाहीतर लिक्विड कूलरच्या पंपाची वायर लावायची राहिलेली असते.

इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आधी बायोसची तारीख बघा. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेला बोर्ड जुन्या स्टॉकचाही असू शकतो. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर खराब होत होते, त्यावरचा १२बी हा मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती, सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्याआधीचं बायोस असेल तर अपडेट करूनच विंडोज टाका. मात्र आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही. तो वॉरंटीतच द्यावा लागतो, आणि इंटेलने या मालिकेची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलेली आहे.

आता वीज. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत, मग ते नौपाडा असो की वाशीतली जुनी सेक्टरं, तिसरी पिन कधीकधी नुसती शोभेला असते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. पावसाळ्यात घोडबंदर काय आणि ऐरोली काय, लाइट दोन सेकंद जाऊन आली तरी इन्स्टॉल मेलं. ग्राफिक्स कार्डवर भार नसतो, त्यामुळे तेवढ्यापुरता ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. प्रोसेसरची ८ पिनची वायरही पूर्ण आत बसलीय का, बोटाने दाबून बघा.

पेनड्राइव्हचं थोडक्यात: ८ जीबी किंवा मोठा, मायक्रोसॉफ्टच्याच मीडिया क्रिएशन टूलने बनवलेला, आणि मागच्या बाजूच्या यूएसबी पोर्टमध्ये. समोरच्या पोर्टची वायर लांब असते, तिच्यावर भरवसा नको. पहिल्या रिस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर तो क्रॅश नाही, मशीन पुन्हा पेनड्राइव्हवरून बूट होतंय. रिस्टार्ट होताना तो काढून घ्या.

वाय-फायचा ड्रायव्हर नसल्यामुळे शेवटी इंटरनेटवर अडलात, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा.

विंडोज बसलं की चिपसेटचा ड्रायव्हर टाका, मग एक्सपो पुन्हा चालू करा आणि मेमटेस्ट परत चालवा. एरर आली तर ६००० वरून ५६०० वर या. रॅम बदलायची वेळ आलीच, तर किटमधल्या दोन्ही स्टिक एकत्र पाठवा, बिलासकट.