भट्टीत उशिरा सुटणारं निकेल

चंचुपात्रातला हा फिकट हिरवा लगदा म्हणजे हायड्रोटाल्साइट या खनिजाच्या घडणीचं थरदार हायड्रॉक्साइड. यातूनच मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड बनवणारा निकेलचा उत्प्रेरक तयार करायचा आहे. थरांमध्ये मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम, दोन थरांच्या मधे कार्बोनेट आणि पाणी. निकेल आयनाची त्रिज्या ६९ पिकोमीटर, मॅग्नेशियमची ७२. त्यामुळे निकेल आधारावर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या पदार्थावर, नुसतं लेपलं जात नाही. मॅग्नेशियमच्या जागीच बसतं.

८० मिलिलिटर पाण्यात स्फटिकजलयुक्त नायट्रेटं: निकेलचं २.९ ग्रॅम, मॅग्नेशियमचं १२.८, अ‍ॅल्युमिनियमचं ७.५. हे द्रावण ६० अंश सेल्सिअसच्या सोडियम कार्बोनेटमध्ये थेंबाथेंबानं सोडायचं आणि सोबत कॉस्टिक सोडा घालत सामू १० वर धरायचा. सामू घसरला की मॅग्नेशियम द्रावणात मागे राहतं आणि प्रमाण बिघडतं. लगदा रात्रभर ढवळत ठेवायचा, मग गाळणीखालचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवायचा. धुण्यात घाई नको, उरलेलं सोडियम पुढे निकेलची क्रियाशीलता दाबतं.

५०० अंशांना भाजल्यावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात, थर मोडतात. उरतं मिश्र ऑक्साइड, वजनाने सुमारे १५ टक्के निकेल असलेलं. ते दमट हवेत उघडं ठेवलं तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा थर धरू लागतं.

खरी फसगत क्षपणात, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू करताना, होते. सुटं निकेल ऑक्साइड हायड्रोजनमध्ये ३०० ते ४०० अंशांनाच धातू होतं. इथे मात्र निकेल मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकजाळीत अडकलेलं असतं. त्याला ७०० ते ८५० अंश लागतात. ५०० वर थांबलात तर मिथेन तसाच बाहेर येईल आणि दोष विनाकारण उत्प्रेरकावर जाईल. उलट भाजणीच ९०० च्या वर नेली तर स्पिनेल (अ‍ॅल्युमिनियमसोबतचं घट्ट बांधणीचं ऑक्साइड) बनतं आणि निकेल आणखी घट्ट अडकतं.

पण हाच हट्टीपणा आपल्या कामाचा! निकेल सावकाश सुटतं, म्हणून कण काही नॅनोमीटरचेच राहतात. ५९० अंशांच्या आसपास निकेलचे अणू हलू लागतात, तरी आधाराची पकड कणांना सहज एकत्र येऊ देत नाही. बारीक कणांवर कार्बनचे तंतूही कमी वाढतात.

वाफ जास्त झाली तर धातू पुन्हा ऑक्साइड होऊन जाळीत परततो. कार्बन साचलेला नसतानाही क्रियाशीलता पडते, तेव्हा आधी हाच संशय घ्यावा. हायड्रोजनमध्ये पुन्हा तापवल्यावर ती बरीचशी परतते.

संयंत्र थंड करताना २०० अंशांच्या बऱ्याच आधी कार्बन मोनॉक्साइड बंद करून नायट्रोजन सोडायचा, नाहीतर अतिविषारी निकेल कार्बोनिल तयार होतं. नंतर नायट्रोजनमध्ये एक टक्का ऑक्सिजन मिसळून कणांवर पातळ ऑक्साइड चढवायचं. क्षपित पूड थेट हवेत काढली तर पेट घेऊ शकते.