कुठल्या कॅरेटमध्ये काय?

[पिंपळगाव बसवंत, बाजार समिती. पिकअपमधून कॅरेट उतरतायत.]

नाशिक जिल्ह्यात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या कॅरेटवर बोलला जातो. कॅरेट सगळे सारखे. आज टोमॅटो, उद्या त्यातच सिमला मिरची. आत खरंच काय आहे, ते ओतल्याशिवाय कळत नाही.

[कॅरेट ओतला जातो. आवाज तसाच ठेवावा.]

१९९५ साली आलेली जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषाही असेच कॅरेट देत होती. यादीत कुठलंही ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधली कुठलीही वस्तू टाका, भाषेची ना नाही. बाहेर काढताना मात्र तुम्ही सांगायचं की हा टोमॅटो आहे. याला म्हणतात कास्ट. सांगितलेलं खोटं निघालं, की प्रोग्रॅम चालता चालता पडतो.

[कॉलेज रोडवरचा क्लास. लॅपटॉपचा पडदा, जवळून.]

ही मार्कांची यादी, जुन्या पद्धतीने लिहिलेली. बाराव्या ओळीत एका आकड्याच्या जागी ‘गैरहजर’ हा शब्द गेलाय. कंपायलरने, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, हूं की चूं केलं नाही. प्रोग्रॅम पडला एकेचाळिसाव्या ओळीला, बेरीज करताना. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे. ही मुलगी वीस मिनिटं एकेचाळिसावी ओळच तपासत होती.

आता ती यादीच्या टाइपपुढे, म्हणजे प्रकाराच्या नावापुढे, कोनी कंसात ‘इंटिजर’ (पूर्णांक) लिहिते. बघा, बाराव्या ओळीखाली लाल रेघ आली. प्रोग्रॅम चालवावासुद्धा लागला नाही. जेनेरिक्स म्हणतात ते हे.

कल्पना काही नवी नव्हती. एमएल भाषेत ती १९७०च्या दशकात होती, आयफेल या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत १९८०च्या दशकात. मग जावात ती यायला २००४ साल का उजाडलं? कोनी कंस कुठे द्यायचा हे सगळे शिकवतात. हा प्रश्न परीक्षेत येत नाही म्हणून राहून जातो. तो मराठीतून, फळ्यावर, नीट समजावला जावा, एवढ्यासाठी आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो.

अडचण होती आधी लिहिलेल्या कोडची. तो मोडून चालणार नव्हतं. मार्टिन ओडर्स्की आणि फिलिप वॅडलर यांनी आधी ‘पिझ्झा’ नावाची भाषा करून पाहिली. मग १९९८ साली गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटामायर यांच्यासह ‘जीजे’, म्हणजे जेनेरिक जावा, मांडली. त्यांची युक्ती अशी: कॅरेटवर चिठ्ठी लावा, फाटकावर कंपायलर ती तपासेल आणि गाडी सुटण्याआधी काढून टाकेल. कास्ट तोच आतून घालेल. पुढे प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला नेहमीचेच साधे कॅरेट दिसतील, त्यामुळे जुना कोड आणि नवा कोड एकाच गाडीत बसतील. याचं नाव टाइप इरेजर. मला यात जुन्या कोडबद्दलचा आदर दिसतो. सप्टेंबर २००४ मध्ये जावा ५ आली ती हीच वाट धरून.

[फळा. सर खडूने दोन चौकोन काढतात.]

“सर, टोमॅटो भाजीच आहे ना? मग टोमॅटोची यादी ही भाज्यांची यादी का चालत नाही?”

“अगं, भाज्यांची यादी म्हटलं की तिच्यात कुणीही कांदा टाकेल. मग टोमॅटोवाल्याच्या कॅरेटमध्ये कांदा निघेल त्याचं काय?”

ॲरेमध्ये, म्हणजे ठरावीक लांबीच्या साध्या यादीत, मात्र जावाने हे पहिल्यापासून चालू दिलं होतं. जेनेरिक्स नव्हते, आणि कुठल्याही ॲरेसाठी एकच मेथड, म्हणजे कामाचा एकच कोड, लिहिता यायला हवी होती. तिथे कांदा टाकला की कंपायलर गप्प बसतो, चूक चालू प्रोग्रॅममध्ये उघडी पडते. जेनेरिक यादीला नुसतं वाचायचं असेल, तर ‘भाजी किंवा तिचा कुठलाही प्रकार’ असं प्रश्नचिन्ह लावून सांगता येतं. मग आत काही टाकता येत नाही. सरांनी हे फळ्यावर तीनदा काढलं, आणि आम्ही तिन्ही वेळा ठेवलंय.

सी शार्प या भाषेने २००५ मध्ये दुसरी वाट घेतली: रनटाइमच (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) बदलला आणि चिठ्ठी शेवटपर्यंत राहू दिली. जावात प्रोग्रॅम चालू असताना यादीलाच विचारता येत नाही की तू कशाची, आणि साधा आकडा, म्हणजे ‘इंट’, तिच्यात तसाच बसत नाही, त्याला इंटिजरमध्ये गुंडाळावं लागतं.

[पुन्हा पडदा. ती ‘गैरहजर’ खोडते. लाल रेघ जाते. ती रन दाबते.]