पावसाळ्यात खरखरणारा फोन : टेपचा जोड काढून बटणाचा जोड कसा घालायचा

[दृश्य: वाड्याचा लाकडी जिना, तुळईच्या कडेने गेलेली टेलिफोनची तार]

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या वाड्यांत टेलिफोनची तार तुळईच्या कडेने, खिडकीच्या चौकटीवरून, क्लिपा ठोकत ठोकत आत आलेली असते. उन्हाळाभर फोन ठणठणीत चालतो. जूनअखेर दोन पाऊस झाले की खरखर सुरू. तक्रार एक्सचेंजकडे जाते, पण दोष पुष्कळदा घरातच, एखाद्या टेपखाली असतो.

[जवळून: काळी टेप उलगडताना]

हा तो जोड. तारा सोलल्या, एकमेकींना पीळ दिला, वर काळी टेप. मे महिन्याच्या उन्हात टेपचा चिकटा पातळ होतो, टेप सरकते, पावसाळ्यात आत ओल जाते. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, तसं इथे तांबं कळकतं. हा हिरवा थर पाहा. यातून वीज धड वाहत नाही, धड थांबतही नाही. तीच खरखर.

फोनच्या दोन तारांच्या या जोडीवर, रिसीव्हर खाली ठेवलेला असताना, सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात. एक्सचेंजमध्ये बॅटरीची धन बाजू मुद्दाम जमिनीला जोडतात. तार जमिनीच्या मानाने ऋण राहिली की जमिनीतल्या ओलीने तिचं तांबं विरघळत नाही. पण ओल जोडीच्या दोन तारांमध्येच शिरली, तर त्यांतली धन तार झिजायला लागते. ही काळजी तिथे पुरी पडत नाही, जोडच कोरडा ठेवावा लागतो.

[दृश्य: रोझेटचं झाकण उघडताना]

आधी दोष कुठे आहे ते शोधू. बाहेरची जोडी जिथे येते त्या पहिल्या रोझेटमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या जोडणीच्या डबीत, घराच्या आतल्या तारा सोडवा आणि चालू असलेला फोन थेट तिथे लावा. एक आकडा दाबा, म्हणजे डायल टोन थांबेल आणि शांततेत खरखर ऐकू येईल. इथेही खरखर असेल तर दोष बाहेर आहे, घरातली तार उचकटू नका. इथे स्वच्छ असेल तर दोष आत. मग मल्टिमीटर घ्या. दोन्ही टोकं मोकळी असताना दोन तारांमधला रोध मोजा. कोरड्या तारेत काटा हलताच कामा नये. आकडा येत असेल आणि हळूहळू बदलत असेल तर ओल आहे. आता लांबच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा मोजा. ०.५ मिलिमीटरच्या तांब्याची २० मीटर जोडी साडेतीन ओमच्या आसपास दाखवते. पंधरा-वीस ओम आले, किंवा तार हलवली की आकडा उड्या मारू लागला, तर मधला जोड कच्चा आहे. खिडकीची चौकट, उंदरांचा रस्ता आणि क्लिपचा खिळा तारेतून गेलेली जागा, या तीन ठिकाणी सर्वांत आधी पाहा.

हे मोजमाप लाइन सोडवूनच करायचं. घंटी वाजते तेव्हा या तारांवर सुमारे ७५ व्होल्ट एसी येतात, बोटाला चांगला झटका बसतो. विजा चमकत असतील तर काम दुसऱ्या दिवसावर टाका.

[जवळून: तळहातावर दोन कनेक्टर, एक पिवळ्या बटणाचा, एक लाल बटणाचा]

टेपच्या जागी हे घालायचं. लाइनमन याला जेली कनेक्टर म्हणतात. पिवळं बटण, यूवाय, दोन तारांसाठी. लाल बटण, यूआर, तिसरी तार फोडायची असेल तर. आतली पितळी पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी कापलेली असते. बटण दाबलं की ती प्लॅस्टिक चिरून थेट तांब्याला घट्ट धरते, आणि भोवतीची जेली हवा-पाणी रोखते. म्हणून इथे तार सोलायची नाही. सोलण्याच्या सवयीमुळेच पुष्कळ जण इथे चुकतात: सोललेल्या पातळ तारेवर पट्टीची पकड सैल बसते आणि उघडं तांबं जेलीबाहेर राहतं.

जुना जोड कापून टाका, कळकलेला भाग ठेवू नका. दोन्ही बाजूंना कापलेल्या टोकात तांबं लख्ख दिसेपर्यंत मागे या. वरचं जाड आवरण तीन-चार सेंटिमीटर काढा. पांढरी पांढरीला, निळी निळीला, अशी जुळवणी करा. जोडीचा पीळ जोडापर्यंत शक्य तितका टिकवा, ब्रॉडबँड असेल तर हे विसरू नका. तारांची टोकं सरळ कापून एका रंगाच्या दोन्ही तारा एका कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत घाला. अंग पारदर्शक आहे, टोकं मागच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत.

[जवळून: पक्कड हळूहळू मिटताना]

आता दाब. साध्या पक्कडीचे जबडे तिरके मिटतात, बटण एका बाजूने खाली जातं, एक तार पकडली जाते आणि दुसरी अर्धवट राहते. फोन लागतो, म्हणून माणूस समाधानी होतो, आणि पुढच्या श्रावणात तोच जोड बोलू लागतो. समांतर जबड्यांची पक्कड घ्या, नसेल तर जबडे सरकणारी वॉटर पंप पक्कड. बटण अंगाशी सपाट होईपर्यंत एकाच दमात दाबा. थोडी जेली बाहेर येईल, ती पुसू नका. मग एकेक तार हलकेच ओढून पाहा. सुटली तर कनेक्टर फेकून नवा घ्या, तो दुसऱ्यांदा वापरायचा नसतो.

हे कनेक्टर ०.४ ते ०.९ मिलिमीटरच्या भरीव तारेसाठी आहेत. बाहेरून घरात येणारी जाड आवरणाची ड्रॉप वायर आत शिरत नसेल तर कोरून घुसवू नका, रोझेटच्या स्क्रूवर जोडा. जोडाशेजारी दहा-पंधरा सेंटिमीटर ढील ठेवा, आणि कनेक्टरचं तोंड खाली करा.

[दृश्य: फोनची चपटी दोरी, आतला धागा सुटा करताना]

फोनपासून भिंतीपर्यंतची चपटी वायर मात्र वेगळी. सुरतेच्या जरीत धाग्यावर धातूची चपटी पट्टी गुंडाळतात ना, ही तार तशीच असते: मध्ये सुती किंवा नायलॉनचा धागा, वर तांब्याची पातळ पट्टी. म्हणून ती वाकते पण सहजासहजी तुटत नाही. हिला सोल्डर चालत नाही, स्क्रूखाली ती चुरगळते, पिवळा कनेक्टरही धरत नाही. तुटली तर टोक कापून नवा आरजे-११, म्हणजे फोनचा क्लिपवाला प्लग क्रिंप करायचा, म्हणजे खास पक्कडीने दाबून बसवायचा, तोही बहुतारी, म्हणजे भरीव नसलेल्या वायरसाठीचा. वरचं आवरण सहा मिलिमीटर काढा, आतल्या चार तारा सोलू नका, त्या प्लगच्या टोकापर्यंत गेल्या पाहिजेत. प्लगमधला दाबपट्टा बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे. तो सुट्या तारांवर बसला तर दोन महिन्यांत त्या निसटतात.

क्लिपची बाजू लक्षात ठेवा. वायर सपाट ठेवल्यावर जुन्या प्लगची क्लिप ज्या तोंडाला होती, नवीही त्याच तोंडाला. लाइनच्या वायरीत उलटसुलट झालं तरी आजचे बहुतेक फोन चालतात. रिसीव्हरच्या गुंडाळीदार वायरीत चालत नाही: समोरच्याचं ऐकू येतं, आपला आवाज जात नाही. क्रिंप अर्धवट राहिला तर प्लगमधले सोनेरी दात वर राहतात आणि सॉकेटच्या तारा कायमच्या वाकवतात. म्हणून लावण्याआधी दातांवरून नख फिरवा, सगळे एका पातळीत हवेत.

एक गोष्ट फायबर आलेल्या घरांसाठी. मोडेमच्या फोन पोर्टमधून आतल्या जुन्या तारांवर फोन चालवता येतो, आणि तिथेही हेच जोड लागतात. पण आधी पहिल्या रोझेटमध्ये एक्सचेंजकडून आलेली जोडी सोडवून दोन्ही टोकं वेगवेगळी झाकून ठेवा. ती जोडलेली राहिली तर दोन ठिकाणचे ४८ व्होल्ट एकाच तारेवर येतात, आणि त्यात मोडेमचा पोर्ट जळू शकतो.