समुद्रातला ओळंबा

ओहोटी लागली की ठाणे खाडीत जाळी बांधण्यासाठी कोळ्यांनी रोवलेले खुंट उघडे पडू लागतात. गाळात पाय रोवून भरतीच्या ओढीला टिकणे, एवढेच त्यांचे काम असते. खाडीपासून जवळच, रबाळे एमआयडीसीतल्या या शेडमध्ये चालले आहे तेही मुळात खुंट रोवण्याचेच काम आहे. मात्र हा खुंट म्हणजे पाइल, पोलादाची पोकळ नळी आहे, ती खुल्या समुद्रात उभी राहणार आहे, आणि तिला धरणारा हात येथे घडतो आहे.

त्या हाताला कारागीर गाइड फ्रेम म्हणतात. समुद्रात पाइल ठोकण्याचा विषय निघाला की बोलणे हॅमरचेच होते. १० टनांचा घण दीड मीटरवरून पडला, तर एका घावात सुमारे १४७ किलोजूल ऊर्जा पाइलच्या माथ्यावर येते आणि तो धक्का पोलादातून सेकंदाला सुमारे ५,१०० मीटर वेगाने खाली धावतो. पण हॅमर भाड्याने मिळतो. फ्रेम मात्र बहुतेक वेळा त्या कामापुरती नव्याने आखावी लागते, कारण पाइलचा व्यास आणि कल, पाण्याची खोली, बार्जच्या, म्हणजे सपाट तळाच्या कामाच्या बोटीच्या, डेकची रचना आणि क्रेनची पोहोच यांचा मेळ प्रत्येक ठिकाणी वेगळा बसतो.

हे जे रोलर बसवले जात आहेत, त्यांत या यंत्राचे मर्म आहे. फ्रेमने पाइल घट्ट आवळला तर तो घावासरशी खाली उतरणार नाही, आणि सैल सोडला तर लाटेबरोबर कलेल. म्हणून वरच्या आणि खालच्या अशा दोन पातळ्यांवर रोलर असतात, प्रत्येकामागे हायड्रॉलिक सिलिंडर असतो, आणि कललेला पाइल सुरुवातीच्या काही मीटरांतच हळूहळू ओळंब्यात आणता येतो. पुढे जमिनीची पकड बसली की तो कोणाचे ऐकत नाही. एका अंशाचा कल ३० मीटर लांबीवर अर्ध्या मीटरहून अधिक होतो. येथे फरशीवर हा फिटर दोरी आणि गुण्या घेऊन जी रेघ पुन्हा पुन्हा तपासतो आहे, ती याच अर्ध्या मीटरसाठी.

वेल्डिंगपूर्वी जाड प्लेट तापवून घेतली जाते. अशा जोडाला तडा कधी कधी काम थंड झाल्यावर, उशिरानेही जातो, म्हणून अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी होणाऱ्या) तपासणीपूर्वी बहुधा ४८ तास थांबतात. वेळापत्रक कितीही अंगावर आले तरी ते तास कापू नयेत, असे आम्हाला ठामपणे वाटते, कारण हजारो घावांची थरथर आधी कच्चा जोडच शोधते.

घावांचा आवाज पाण्यातून दूरवर जातो, मासे आणि डॉल्फिन त्याने बिथरतात, आणि तो कमी करण्यासाठी काही ठिकाणी पाइलभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात.

रात्री रस्ता मोकळा झाल्यावर फ्रेमचे सुटे भाग ट्रेलरवर चढतात. ते बार्जवर पिनांनी जोडले जातील, आणि काम संपल्यावर पाइल मोकळा करण्यासाठी फ्रेमची एक बाजू फाटकासारखी उघडेल. शेडमध्ये मात्र गॅस कटर पुन्हा पेटला आहे. पुढच्या पाइलचा व्यास वेगळा असल्यामुळे जुनी जिग, म्हणजे भाग जागेवर धरणारा साचा, कापली जात आहे.