काकू बसल्या की वाजतंय

नमस्कार मंडळी. मी कराडात गॅरेज चालवतो, 27 वर्षं झाली, आणि आज बोलायचंय ते गाडीच्या मागून येणाऱ्या आवाजाबद्दल. पुढचा आवाज निदान बॉनेट उघडून बघता तरी येतो, चार माणसं डोकावतात. मागचा आवाज फसवतो. गाडीचा मागचा भाग म्हणजे ढोल आहे हो, आतून पोकळ, डाव्या चाकात वाजलं तरी उजवीकडं वाजल्यासारखं वाटतं, आणि चालवणारा बसलेला असतो पुढं.

म्हणून पहिली गोष्ट, आणि ही मी परत परत सांगणार आहे, मेकॅनिकला काय वाजतंय ते सांगू नका, कधी वाजतंय ते सांगा. "बेअरिंग गेलंय बघा" म्हणत आलात की समोरचा बेअरिंगच (चाक ज्याच्यावर फिरतं ते) बघत बसतो. त्यापेक्षा सांगा, खड्ड्यात वाजतं का सपाट रस्त्यावर, ब्रेक दाबल्यावर वाजतं का सोडल्यावर, गार गाडीत का अर्धा तास चालल्यावर, वळणावर वाढतं का. कधी वाजतंय, एवढंच.

त्याच्याही आधी डिकी रिकामी करा. पूर्ण रिकामी. जॅक, पाना, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी लग्नातला राहिलेला आहेर, सगळं बाहेर. स्टेपनीचा बोल्ट घट्ट आहे का हातानं हलवून बघा, मागच्या सीटची पाठ नीट लॉक झालीय का बघा, आणि मग फेरी मारा. माझ्याकडं येणारे कितीतरी आवाज इथंच संपतात. हल्लीच पंक्चर काढलं असेल आणि चाकाच्या लयीत टकटक येत असेल तर मात्र फेरी मारू नका, जागेवर थांबून चाकाचे नट बघा, सैल नटवर चाक निघून जातं.

आता घूं असा आवाज. साधारण चाळीसच्या पुढं सुरू होतो, स्पीड वाढला की वाढतो, गिअर काढून न्यूट्रलमध्ये सोडली तरी तसाच राहतो, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. मग उरतं बेअरिंग नाहीतर टायर. डांबरी सोडून सिमेंटच्या रस्त्यावर आलात आणि सूर एकदम बदलला तर टायरवर संशय घ्या, मागचे टायर पुढं आणि पुढचे मागं करून बघा, आवाजही पुढं आला तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही. उजवीकडं वळताना वाढला तर बहुतेक डावं बेअरिंग, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं. आणि हे सगळं ऐकायचं तर गाणी बंद करा राव. गाडीत आवाज आला की लोक स्पीकर मोठा करतात, हे मला अजिबात पटत नाही. गाडी बोलतीय, तिचं ऐकून घ्या की.

तर एक गोष्ट सांगतो. 2016 ची, दिवाळीच्या आधीची. पाटणकडचे एक शिक्षक माझ्याकडं आले, छोटी हॅचबॅक, सहा वर्षं जुनी. म्हणाले, मागून ठण्ण असा आवाज येतो, दोन गॅरेज झाली, एकानं दोन्ही शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, बदलले, दुसऱ्यानं दोन्ही बेअरिंग बदलली, 14 हजार गेले, आवाज जसाच्या तसा. मी किल्ली घेतली, एकटा निघालो, कृष्णा नाक्यापर्यंत जाऊन आलो, स्पीडब्रेकर सोडला नाही, खड्डा सोडला नाही, पण काहीच वाजलं नाही. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, हेच होतं, गॅरेजवाला चालवतो तेव्हा वाजत नाही, आणि मग सगळे माझ्याकडं खोटं बोलणाऱ्या माणसाकडं बघावं तसं बघतात.

त्यांची आई आली होती बरोबर, कराडात डोळ्याच्या डॉक्टरकडं दाखवायचं होतं. 78 वर्षांच्या काकू. बाकड्यावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी सरांना विचारत होतो, कधी वाजतं, नीट आठवा, कधी वाजतं, तेवढ्यात काकू खालमानेनं म्हणाल्या, "मी बसले की वाजतंय बघ. म्हणून मी हल्ली जातच न्हाई कुठं."

मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

त्या बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्या वजनानं लेकाची गाडी मोडतीय. माहेर हेळवाकचं, कोयनानगरजवळ, भाऊ आजारी, आणि ह्या चार महिने गेल्या नव्हत्या. घरात गुडघे दुखतात सांगायच्या. सरांना पत्ताच नाही, ते ऐकून गप्प झाले. त्या दिवशी डॉक्टरला दाखवायचं होतं म्हणूनच त्या गाडीत बसल्या होत्या.

मी म्हटलं, काकू, चला माझ्याबरोबर. त्यांना मागं बसवलं, शेजारी सर, त्यांच्या शेजारी माझ्याकडचा पोरगा, म्हणजे मागं तिघं. नाक्याच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरला ठण्ण! स्पष्ट. परत फिरलो, परत ठण्ण. काकूंनी डोळे मिटून घेतले. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, काकू, आता तुम्ही उतरा आणि ह्या पोराला पण उतरवतो, एकटे सर बसू देत. वाजलं नाही. मग काकूंना तिथंच टपरीवर बसवून पोराला परत घेतलं आणि त्याचा अजून एक मित्र घेतला, म्हणजे मागं परत तिघं, काकू नाहीत. ठण्ण! मी टपरीसमोर येऊन त्यांना सांगितलं, काकू, तुमचं काही नाही, तिघं कुणीही बसली की वाजतंय, घरी पोरांबरोबर तुम्ही बसता तेव्हा तिघं होतात एवढंच. बाईंनी पदर डोळ्याला लावला.

आता नेमकं काय वाजतंय ते शोधायचं होतं. मघाची दोन्ही गॅरेज मोठी, दोघांकडं लिफ्ट. लिफ्ट चांगलीच, पण दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात, मागचा अ‍ॅक्सल (मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) खाली येतो, आणि सायलेन्सरचा पाइप जो अ‍ॅक्सलच्या वरून जातो त्याच्यात आणि अ‍ॅक्सलमध्ये मोठी फट दिसते. माणूस बघतो आणि म्हणतो, लागत नाही. माझ्याकडं जुना खड्डा आहे, त्यात उतरून गाडी खालून बघायची, गाडी चाकांवर उभी राहते, आहे तशी दिसते. लोक गॅरेज नवीन केलं की पहिल्यांदा खड्डा बुजवतात, त्यांनी तो ठेवावा असं माझं मत आहे.

मी मागं गव्हाची तीन पोती टाकली, पन्नास पन्नास किलोची. खाली उतरलो. फट बोटभर सुद्धा नव्हती. पण दिसतंय म्हणून ठरवायचं नाही, खात्री करायची. पोराच्या खिशात चुन्याची डबी असायची, ती मागितली आणि अ‍ॅक्सलवर पाइपच्या बरोबर खाली चुना फासला. (तंबाखू त्यानं पुढं सोडली, चांगलं केलं, सगळ्यांनी सोडावी.) पोत्यांसकट फेरी मारून आलो, खड्ड्यात उतरलो, बॅटरी मारली. पाइपच्या पोटाला पांढरा ठिपका, अ‍ॅक्सलवर चुना पुसलेला. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो त्यातलं एक ताणून लांब झालं होतं, दुसरं अर्धं फाटलेलं. दोन रबर, 180 रुपये. सायलेन्सर गार होईपर्यंत थांबलो, साबणाचं पाणी लावून रबर बसवली, पोती तशीच ठेवून परत फेरी मारली. शांत.

मग पोती काढून काकूंना, सरांना आणि पोराला परत मागं बसवलं. स्पीडब्रेकर आला तशी त्यांनी पुढची सीट घट्ट धरली. गाडी पलीकडं उतरली. थोडा वेळ कुणीच बोललं नाही, मग त्या म्हणाल्या, "वाजलं न्हाई की रं." आणि मी आणि पोरगा गॅरेजला उतरलो तशी सरांनी गाडी घेतली ती सरळ हेळवाकला, मला तिथनं फोन केला.

वेळ संपत आलीय, उरलेलं पटपट सांगतो. खड्ड्यात धडधड येत असेल तर शॉकअप आणि त्याची बुश (टोकाचं रबर) बघा, शॉकअप जोडीनंच बदला, आणि बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, हवेत असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे मेकॅनिकला सांगा, चिडला तरी सांगा. पावसात रात्रभर हँडब्रेक लावून उभी केली आणि सकाळी निघताना टक वाजलं, पहिल्या दोनचार ब्रेकला खरखर झाली, तर तो गंज असतो, जातो. रोज खरखर येत असेल तर ब्रेकचा ड्रम उघडून लायनर (आतला घासणारा थर) बघा, बहुतेक संपलेले असतात. तिथली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, फुप्फुसाला वाईट, ओल्या फडक्यानं पुसा. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला अ‍ॅक्सिलेटर देताना एक सूर आणि सोडताना दुसरा सूर येत असेल तर डिफ्रेन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल आधी बघा, आणि गिअर टाकताना खट्ट वाजत असेल तर इंजिनकडून मागं जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या जॉइंटचा क्रॉस बघा. चावी फिरवल्यावर मागं दोन सेकंद घुर्र होतं तो टाकीतला पेट्रोल पंप, तो व्हायलाच पाहिजे.

आणि परत सांगतो, कधी वाजतंय ते सांगा. गाडीत किती जण होते ते पण सांगा. घरी मागचं चाक उचलून बघणार असाल तर पुढच्या चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नका, पोरांना तर जवळ फिरकू देऊ नका. नमस्कार.