नावाचं भाडं

(दृश्य: खिडकीशेजारचं टेबल. वाण्याच्या दुकानात असते तशी लांबट लाल वही उघडलेली.)

ही वही माझी. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात ते घेतल्याची तारीख, तिसऱ्यात मुदत संपण्याची तारीख. चौथा रकाना मी तीन वर्षांनी आखला, म्हणून त्याची रेघ वेगळ्या शाईची दिसते. त्यावर लिहिलंय, ‘कोणाला लागेल?’

वहीतली नावं डोमेनची आहेत. डॉट कॉम किंवा डॉट इन लावून आपण ब्राउझरमध्ये टाइप करतो ती. आज 84 आहेत, एके काळी 230 होती. चांगली नावं आधी घेऊन ठेवायची, सांभाळायची आणि ज्याला खरोखर हवंय तो माणूस भेटला की विकायची, असा हा व्यवहार.

‘डोमेन विकत घेतलं’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते भाड्याने मिळतं. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवता येतं. भाडं थकलं की नाव गेलं. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. प्रत्येक नावामागे वर्षाला ती रजिस्ट्रारकडून, म्हणजे आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, ठरलेली रक्कम घेते. ऑगस्ट 2021 पर्यंत ती 7.85 डॉलर होती. सप्टेंबर 2024 पासून 10.26 डॉलर झाली. तीन वर्षांत जवळपास 30 टक्के वाढ. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि कर. एका नावाला ही वाढ जाणवत नाही. दोनशे नावं असली की जाणवते.

(दृश्य: जुन्या पद्धतीचा मॉडेम, त्याचे लुकलुकणारे दिवे.)

हे भाडं सुरुवातीला नव्हतंच. 15 मार्च 1985 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं, फुकट. पुढची दहा वर्षं नावं अशीच मिळत राहिली. 14 सप्टेंबर 1995 ला, तेव्हा नावं नोंदवणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीने दोन वर्षांचे 100 डॉलर आकारायला सुरुवात केली.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते 15 ऑगस्ट 1995 ला. म्हणजे मुंबईतल्या ग्राहकाला फुकट नावांचा जमाना जेमतेम महिनाभर लाभला. आणि त्या महिन्यात, फोनची लाइन लागावी म्हणून तासन्‌तास बसलेल्या माणसाला नाव घेऊन ठेवायचं सुचणार तरी कुठून?

ज्यांना सुचलं, त्यांचे आकडे आजही सांगितले जातात. बिझनेस डॉट कॉम 1997 मध्ये दीड लाख डॉलरला विकलं गेलं, आणि 1999 मध्ये 75 लाख डॉलरला. 2019 मध्ये व्हॉइस डॉट कॉमचे तीन कोटी डॉलर आले. असे आकडे ऐकून माणसं यात उतरतात. मीही तसाच उतरलो. पहिल्याच महिन्यात 60 नावं घेतली. सुचेल ते नाव मोकळं दिसलं की घ्यायचो. एखादं नाव इतकी वर्षं मोकळं का राहिलं असेल, हा प्रश्न तेव्हा मनात आलाच नाही.

(दृश्य: कॅल्क्युलेटर, वहीचं मागचं पान.)

आता हिशेब. समजा तुमच्याकडे 200 नावं आहेत आणि एका नावाला वर्षाला 1,200 रुपये पडतात. वर्षाचं भाडं झालं 2,40,000 रुपये. या धंद्यात मुरलेले लोक धरून चालतात की चांगल्या संग्रहातली शंभरातली एक, फार तर दोन नावं वर्षाला विकली जातात. आपण एक धरू. म्हणजे दोन नावं विकली. नुसता खर्च निघायला प्रत्येकी 1,20,000 रुपये हातात पडले पाहिजेत. विक्री करून देणाऱ्या बाजारपेठेने 20 टक्के कापले, तर विकायची किंमत होते दीड लाख. नफा अजून शून्य आहे. उरलेली 198 नावं तशीच आहेत आणि पुढच्या वर्षीचं भाडं उभं आहे.

हा हिशेब मी तिसऱ्या वर्षी केला आणि त्या रात्री चौथा रकाना आखला. प्रत्येक नावासमोर लिहायचं की हे कोणाला लागेल. ‘कोणाला तरी’ चालणार नाही. शेतमाल निर्यात करणारा, दातांचा दवाखाना, लग्नाचे हॉल भाड्याने देणारा, असा एखादा माणूस डोळ्यांसमोर आला पाहिजे. आणि एक नाही, असे निदान दहा-बारा जण असले पाहिजेत, कारण त्यांतला एखादाच कधीतरी विचारणार. 230 पैकी दीडशेच्या वर ओळींसमोर मला काहीही लिहिता आलं नाही. ती नावं मी सोडून दिली. वाईट वाटलं. पण खरं गुंतवणुकीचं काम त्या रात्री सुरू झालं, असं मला मनापासून वाटतं. नवं नाव घेणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

एक काळ असा होता की नावच आपलं भाडं फेडायचं. लोक शोधत न बसता थेट वस्तूचं नाव टाइप करून डॉट कॉम लावायचे. त्या पानावर जाहिराती ठेवल्या की पैसे यायचे. याला पार्किंग म्हणतात. 2000 नंतर डॉट कॉमचा फुगा फुटला आणि हजारो कंपन्यांनी नावं सोडून दिली, तेव्हा केमन बेटांवरच्या फ्रँक शिलिंगसारख्यांनी ती गोळा केली आणि त्या जाहिरातींवर मोठं साम्राज्य उभं केलं. पुढे लोकांची सवय बदलली. आज त्या भरवशावर कुणी संग्रह उभारू नये.

(दृश्य: रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या. वडापावची गाडी.)

चांगलं नाव कसं ओळखायचं? माझी पहिली कसोटी फोनची. नाव फोनवर एकदाच सांगायचं. पलीकडच्याने न विचारता बरोबर लिहिलं, तर नाव चांगलं.

मराठी शब्द रोमन लिपीत घेतले की ही कसोटी फार कठीण होते. वडापाव साधा शब्द. पण व साठी व्ही लिहायचा की डब्ल्यू? मिसळ लिहिताना ळ चं काय करायचं? रोमनमध्ये ळ ला जागाच नाही, तो एल होऊन बसतो. आणि ज्ञान! आपण मराठी माणसं ‘द्न्यान’ म्हणतो, म्हणून रोमनमध्ये डी-एन-वाय लिहितो. हिंदी माणूस ‘ग्यान’ म्हणतो, तो जी-वाय लिहितो. शाळेसाठी, क्लाससाठी ज्ञान या शब्दाचं नाव घेणाऱ्याने एकच स्पेलिंग घेतलं, तर निम्मी माणसं दुसऱ्याच्या दारात जातात. दोन्ही घेतली तर भाडं दुप्पट. माझ्या वहीत अशा जोड्या अकरा होत्या, आता दोन उरल्यात.

मग वाटतं, आपली नावं आपल्या लिपीतच का नकोत? त्याची सोय झालेली आहे. 27 ऑगस्ट 2014 ला डॉट भारत हे देवनागरी डोमेन सुरू झालं. मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी. डॉट इनप्रमाणेच ते निक्सी ही संस्था चालवते. यंत्रणेच्या आत हे नाव रोमन अक्षरांतच साठवलं जातं. पुढे ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा, मग एक सांकेतिक ओळ. पडद्यावर मात्र देवनागरी दिसते. ज्ञानचा घोळ इथे संपतो. ळ ला ळ मिळतो. दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या.

तरीही ही नावं रुजली नाहीत. मोबाइलवर लिपी बदलून पत्ता टाइप करायचा कंटाळा येतो. असा पत्ता असलेला ईमेल कित्येक फॉर्म नाकारतात. छपाईवाला सुद्धा विचारतो, ‘इंग्रजीत नाही का?’ माझ्याकडे डॉट भारतची सहा नावं आहेत. आजवर एकाचीही चौकशी आलेली नाही.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत.)

एक रेघ मात्र ओलांडायची नाही. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. 1999 मध्ये रेडिफ कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, कारण कुणीतरी एकाच अक्षराच्या फरकाने ‘रॅडिफ’ असं डोमेन चालवत होतं. न्यायालयाने मनाई केली आणि डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, असं म्हटलं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिफी आणि सिफीनेट या नावांच्या खटल्यात तेच तत्त्व पक्कं केलं.

जगभरच्या डॉट कॉम नावांसाठी 1999 पासून तंट्याची ठरलेली पद्धत आहे, आणि डॉट इनसाठी निक्सीची वेगळी. डॉट कॉमच्या तंट्यात तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव आमच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेतलं व वापरलं. तिन्ही सिद्ध झाल्या की नाव जातं, पैसा मिळत नाही. ‘कंपनीला विकून टाकू’ हाच हेतू बहुतेक वेळा पुरावा ठरतो. चालू बातमीतल्या कंपन्यांची, विलीनीकरणांची, सिनेमांची नावं घाईघाईने घेणाऱ्या मुलांना मी हे कळकळीने सांगतो. हजार रुपयांच्या नावापायी घरी वकिलाची नोटीस येते.

(दृश्य: वहीतली एक ओळ, भोवती तांबड्या शाईची चौकट.)

ही ओळ माझ्या चुकीची. एका फळाचं नाव आणि व्यापाराचा एक शब्द, दोन्ही सोपे, स्पेलिंग एकच. चौथा रकाना भरून वाहत होता. पण हे नाव नोंदवताना मी तेव्हाच्या नोकरीतला ईमेल दिला होता. नोकरी सुटली, ईमेल बंद झाला, कार्डाची मुदत संपली. सूचना येत राहिल्या असतील, मला पोचल्या नाहीत.

डॉट कॉमची मुदत संपली तरी ते लगेच जात नाही. रजिस्ट्रारनुसार 45 दिवसांपर्यंत साध्या पैशात परत घेता येतं. मग 30 दिवस मोठा दंड भरून सोडवता येतं. शेवटचे 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ते मोकळं होतं. मला जाग आली ती त्या पाच दिवसांत. रोज उठून बघायचो. मोकळं झालं त्या क्षणी कुठल्यातरी यंत्राने ते उचललं. नावं सुटण्याची वाट बघत बसलेली अशी यंत्रं दिवसरात्र चालू असतात. माणसाचं बोट तिथे पोचत नाही. तेव्हापासून वहीतल्या सगळ्या नावांना माझा स्वतःचा एकच ईमेल आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी तिसरा रकाना बोट ठेवून वाचतो.

कुलूपही तितकंच महत्त्वाचं. सेक्स डॉट कॉम हे नाव गॅरी क्रेमेन यांनी 1994 मध्ये नोंदवलं होतं. पुढच्या वर्षी एका भामट्याने खोटं पत्र पाठवून ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. क्रेमेन अनेक वर्षं लढले. 2003 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की डोमेन नाव ही मालमत्ता आहे आणि ती चोरली जाऊ शकते. आज पत्राची गरज नाही, तुमचा ईमेल फोडला तरी पुरतं. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्याला दुहेरी पडताळणी आणि नावाला ट्रान्सफर लॉक, म्हणजे ते दुसरीकडे हलवता येऊ नये असं कुलूप, लावा. विकताना पैसे एस्क्रोत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्याकडे, जमा झाल्याशिवाय नाव हलवण्याचा कोड कोणालाही देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

(दृश्य: समुद्रकिनारा, छोटं बेट.)

लाटा येतात. 2015 मध्ये चीनमधून चार अक्षरी डॉट कॉमला अचानक मागणी आली. त्यातही स्वर आणि व्ही नसलेल्या नावांना. वर्षभरातच भाव उतरले आणि उशिरा आलेले अडकले. आता लाट डॉट एआयची. ही अक्षरं खरं तर अँग्विला या कॅरिबियनमधल्या छोट्या बेटाची. कृत्रिम बुद्धिमत्तेशी त्यांचा संबंध निव्वळ योगायोगाचा. 2023 मध्ये या नोंदणीतून अँग्विलाच्या सरकारला सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर मिळाले, त्यांच्या एकूण महसुलाचा साधारण पाचवा हिस्सा. लाटेत गुंतवणूकदार तरतील किंवा बुडतील, भाडं घेणाऱ्याला भाडं मिळतंच. डॉट एआयचं नाव एका वेळी किमान दोन वर्षांसाठी घ्यावं लागतं आणि ते डॉट कॉमच्या कितीतरी पट महाग आहे. मी लांब राहिलो.

(दृश्य: पुन्हा टेबल. संध्याकाळचा उजेड.)

गेल्या वर्षी माझी दोन नावं विकली गेली. त्यातलं एक कोल्हापूरकडच्या एका बाईंनी घेतलं. मसाल्यांचा व्यवसाय, आणि त्यांच्या ब्रँडचे दोन्ही शब्द त्या नावात होते. मी 60,000 सांगितले, त्या 25,000 म्हणाल्या, 40,000 ला जमलं. भाडं भरत मी ते सात वर्षं राखलं होतं. कोड पाठवल्यावर तासाभराने त्यांचा फोन आला, ‘दादा, आता पाकिटावर हेच छापायचं ना?’ वहीत चौथ्या रकान्यात सात वर्षांपूर्वी मी ‘घरगुती मसाले’ असंच लिहिलं होतं.

आज एक तारीख आहे. या महिन्यात तीन नावांची मुदत संपते. पहिलं भरलं. दुसरं ज्ञानच्या जोडीतलं, त्याचं ऑटो रिन्यू बंद करून ओळीवर काट मारली. तिसरं डॉट भारतचं आहे, दोन मराठी शब्दांचं, त्यात ळ आहे. हिशेबाने बघितलं तर तेही सोडायला हवं. चौथ्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ‘गावातलं वाचनालय’.

पुढच्या वर्षापर्यंत भरलं.

(दृश्य: वही मिटते.)