पिंगपाँगच्या चेंडूंची माळ

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका माळेची गोष्ट सांगायचीय. तसा विषय आहे वांग ग्वांगमेई यांचा. चीनचे राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांच्या त्या पत्नी, आणि नवऱ्याबरोबर देशोदेशी जाऊन चीनसाठी मैत्री जोडून आलेल्या बाई. पण त्यांचं नाव निघालं की मला आधी ती माळच दिसते. तेव्हा तिच्यापर्यंत जरा भरभर जाऊ.

जन्म १९२१चा. वडील सरकारी अधिकारी, परदेशी जाणं-येणं असणारे. ही मुलगी झाली तेव्हा ते अमेरिकेत होते, म्हणून तिच्या नावात ‘मेई’ आलं. चिनी भाषेत अमेरिकेला मेईग्वो म्हणतात. आधीच्या एका मुलाच्या वेळी ते इंग्लंडात होते, तर तो झाला ग्वांगयिंग, कारण इंग्लंड म्हणजे यिंग्वो. आपल्याकडे कुणी पोराचं नाव लंडनराव ठेवलं असतं तर बारशालाच पाटी बदलायला लावली असती आत्यानं! पण हे ‘मेई’ ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलगी हुशार. फूजेन विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी, वर इंग्रजी चांगलं. १९४६ साली तेव्हा सत्तेवर असलेला चँग कै शेक यांचा पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्यात अमेरिका समेट घडवू पाहत होती, तेव्हा कम्युनिस्टांच्या बाजूनं या दुभाष्या झाल्या. मग कम्युनिस्टांचा येनानचा तळ, आणि १९४८मध्ये ल्यू शाओचींशी लग्न. ते तेवीस वर्षांनी मोठे. १९५९मध्ये ल्यू राष्ट्राध्यक्ष झाले.

आता या १९६३वर. भारत-चीन युद्ध होऊन पाच-सहा महिने झालेत. चीनला आशियात मित्र हवेत. एप्रिलमध्ये ल्यू शाओची दौऱ्यावर निघाले: इंडोनेशिया, ब्रह्मदेश, कंबोडिया, उत्तर व्हिएतनाम. बरोबर ग्वांगमेई. इंडोनेशियात यजमान होते राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, म्हणजे थाटामाटाचे शौकीन, नाचगाण्याचे शौकीन. अशा मेजवानीत चीनमधला तो बंद गळ्याचा निळा डगला घालून कोण जाणार? ग्वांगमेईंनी चिपाओ घातला. चिपाओ म्हणजे उंच गळ्याचा, अंगाबरोबर बसणारा, बाजूनं चिरलेला लांब झगा. आपला साधा ब्लाउज शिवतानासुद्धा शिंपी दोनदा माप घेतो, तर याला किती वेळा घेत असेल! त्या हसल्या, बोलल्या, सुकार्नोंबरोबर नाचल्यासुद्धा. दौऱ्याची फिल्म चीनमध्ये लोकांनी पाहिली. काम फत्ते.

पण ती फिल्म आणखी एक बाई पाहत होत्या. जियांग चिंग. पक्षाचे अध्यक्ष माओ यांची पत्नी, पूर्वाश्रमीची नटी. आदल्याच वर्षी सुकार्नोंच्या पत्नी हार्तिनी चीनला आल्या, तेव्हा कुठे जियांग चिंग यांचा फोटो पक्षाच्या दैनिकात आला होता. इतकी वर्षं मागे ठेवलेल्या बाईला दुसरीचा हा थाट कसा सोसावा? पुढे जियांग चिंग यांनी जाहीर भाषणात सांगितलं, की जाण्याआधी आपण तिला हार घालू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी तिनं घातला. हार, श्रोतेहो. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोवरचा जाहीर ठपका काय, तर हार!

इथं मला जरा रागानं बोलू द्या. पुरुष नेता परदेशी गेला की करार किती झाले ते छापतात, आणि बायको गेली की ती काय नेसली ते. २०१३मध्ये शी जिनपिंग यांच्या पत्नी फंग लीयुआन मॉस्कोला विमानातून उतरल्या, तर त्यांच्या हातातली चिनी बनावटीची पर्स कुठं मिळते याची इंटरनेटवर शोधाशोध सुरू झाली. बाई नावाजलेल्या गायिका, ते राहिलं बाजूला. असो. रागाला वेळ कमी आहे.

१९६६ला माओंची सांस्कृतिक क्रांती, म्हणजे पक्षातल्याच ‘शत्रूं’विरुद्ध तरुणांना पेटवणारी मोहीम, सुरू झाली आणि ल्यू शाओचींवर ‘भांडवलशाहीच्या वाटेनं निघालेला’ असा शिक्का बसला. ग्वांगमेई तेव्हा बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या चळवळीला लगाम घालायला पाठवलेल्या सरकारी पथकाबरोबर, जाऊन आल्या होत्या. तिथला विद्यार्थी पुढारी क्वाय दाफू त्या पथकाशी भिडला होता, त्याची शिक्षाही त्यानं भोगली होती. आता वारं फिरलं. जानेवारी १९६७मध्ये या मुलांनी त्यांच्या घरी फोन केला: तुमच्या मुलीला अपघात झालाय, पायाचं ऑपरेशन करायचंय, पालकांची सही हवी. कुठली आई थांबेल? त्या धावल्या, आणि धरल्या गेल्या. त्या वेळी पंतप्रधान चौ एन लाय यांनी मध्ये पडून सोडवलं.

एप्रिलमध्ये कुणी सोडवलं नाही. तारीख १० एप्रिल १९६७. पुन्हा सांगते, १० एप्रिल. सकाळीच त्यांना छिंगह्वाला नेलं. समोर ठेवला तो चिपाओ. घाल म्हणाले. त्या म्हणाल्या, हा उन्हाळ्यातला कपडा आहे, आत्ता घालायचा नाही. बराच वेळ हुज्जत घातली त्यांनी, एकट्या बाईनं, पोरांच्या घोळक्याशी. शेवटी अंगातल्या कपड्यांवरूनच तो झगा जबरदस्तीनं चढवला. चार वर्षांत माप बदललेलं, शिवणी ताणलेल्या. डोक्यावर रुंद काठाची हॅट. आणि गळ्यात मोत्यांऐवजी पिंगपाँगच्या चेंडूंची माळ.

लहानपणी आपण तो चेंडू चेपला की गरम पाण्यात टाकायचो आणि तो टुमकन फुगायचा, आठवतं? वजन म्हणाल तर फुंकरीनं उडेल. तसे चेंडू ओवून त्यांचा हार केला, आणि बाईंना व्यासपीठावर उभं केलं. समोर तीन लाखांच्या आसपास माणसं होती असं म्हणतात. घोषणा, कर्णे, मुठी. त्याचे फोटो आहेत. माळ छातीवर आडवी-तिडवी, आणि चेहरा गप्प.

नंतर कैद. आरोप काय, तर अमेरिकेची हेर. ते ‘मेई’ आठवलं ना? अकरा वर्षांहून जास्त गेली तुरुंगात.

आणि आता ही तारीख पुन्हा. १० एप्रिल, पण १९७१. अमेरिकेचा टेबल टेनिस संघ हाँगकाँगकडून पूल ओलांडून चीनमध्ये शिरला. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आले. जग त्याला पिंगपाँग डिप्लोमसी म्हणतं. दिवस तोच, चेंडू तेच, मध्ये फक्त चार वर्षं. इंडोनेशियात चीनचं काम करून आलेली बाई तेव्हा छिनचंगच्या तुरुंगात होती, आणि नवरा १९६९मध्येच कैदेत वारला हेही तिला ठाऊक नव्हतं. ते कळलं १९७२मध्ये, मुलं भेटायला आली तेव्हा.

वेळ संपत आला. १९७८च्या डिसेंबरात त्या सुटल्या. १९८०मध्ये ल्यू शाओचींवरचे सगळे आरोप मागे घेतले गेले आणि त्यांच्या अस्थी छिंगदाओपाशी समुद्रात सोडल्या. उतारवयात ग्वांगमेई गरीब आयांना रोजगारासाठी पैसे देणाऱ्या एका योजनेचं काम पाहत. त्यासाठी पैसा कमी पडला तेव्हा आईकडून आलेली जुनी चिनी मातीची भांडी त्यांनी लिलावात काढली. १३ ऑक्टोबर २००६ला बीजिंगमध्ये त्या वारल्या.

नमस्कार.